पेटी क्रमांक एकशे बारा

शेडमध्ये सातशे पेट्या आहेत, आंब्याच्या फळीच्या.
प्रत्येकीत पाच खाचा, एका खाचेत एक मीटर जमीन.
हिऱ्याच्या दातांचं बिट गरगरत खाली जातं
आणि मनगटाएवढी गोल कांडी वर येते.
ती पुसायची, मोजायची, लाल पेन्सिलीने आकडा घालायचा.
रेडीच्या खाणीवर
एकवीस वर्षं मी एवढंच केलं.

पहिल्याच वर्षी धारवाडचे अंगडी साहेब
जेवणाच्या डब्याच्या झाकणावर कांडी ठेवून म्हणाले,
गुणाजी, हे पट्टे बघ. काळा, लाल, पुन्हा काळा.
हा समुद्राचा तळ आहे.
तेव्हा मासा नव्हता, शिंपला नव्हता,
दगडांवर नुसतं बुळबुळीत शेवाळ,
आणि पाण्यात लोखंड, मीठ असतं तसं, न दिसणारं.
शेवाळाने श्वास सोडला.
त्या श्वासाने समुद्र गंजला.
गंज खाली बसत गेला. घाई कुणालाच नव्हती.

मी म्हटलं, आमच्या कोयत्याला एक पावसाळा पुरतो.
ते हसले. म्हणाले, पुढचं काम पावसानेच केलंय.
तळ वर आला, डोंगर झाला,
मग पेजेची निवळ ओतून शितं राखावीत
तशी गारगोटी झिरपत झिरपत निघून गेली.
जे जायला कबूल झालं नाही
त्याला टक्के लावायचे,
त्याला खनिज म्हणायचं.

पेट्या एकशे बारा ते एकशे अठरा.
बोअर बी-सतरा. सर्व्हे नंबर चौतीस,
म्हणजे आमच्या भागी आत्याची वरकस.
शून्य ते दोन मीटर: माती, काजूची मुळं.
दोन ते सात: जांभा, भोकाभोकांचा.
सात ते नऊ: शेडी, ओल्या साबणासारखी.
नऊ ते एकतीस: काळं, चकचकीत,
उचललं की तळहात दचकतो.
अठ्ठावन्न टक्के.

नवाच्या वर जे काही असेल
त्याला खाणीवर एकच शब्द, ओव्हरबर्डन.
बरेच दिवस मला वाटायचं
इंग्रजीत शेताला असंच म्हणतात.

अंगठा द्यायच्या आदल्या दिवशी आत्या शेडमध्ये आली.
चपला दाराबाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्या.
पेट्यांसमोर उकिडवी बसली, खूप वेळ.
"जमनीचो कणो काढून पेटयेत घातलास रे," म्हणाली.
एकतिसाव्या मीटरचा तुकडा नाकाशी नेला.
"हेका वास नाय."
मग पहिल्या खाचेतली ढेप,
काजूचं मूळ आरपार गेलेली,
माझ्यादेखत पदरात बांधली आणि उठली.

चाळीस सेंटिमीटर.
रात्री रजिस्टरात मी लिहिलं:
०.२ ते ०.६, नमुना मिळाला नाही.
अंगडी साहेबांनी रिकामी खाच पाहिली,
माझ्याकडे पाहिलं,
म्हणाले, मऊ मातीत होतं असं.
सही केली.

टेकडी पुढे सहा वर्षांत गेली,
डंपरने बंदरावर, बार्जने बाहेर उभ्या बोटीत,
आपल्याच जुन्या समुद्रावरून, कुठे ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.
मग भाव पडला. पंप बंद झाले.
खड्ड्यात आता हिरवं पाणी आहे, पोरं त्यात उतरत नाहीत.
ती ढेप आत्याने कुठे ठेवली, मी विचारलं नाही.
आता विचारायला ती नाही.

सर्व्हे नंबर चौतीस आज कुठे आहे म्हणाल
तर माझ्या शेडमध्ये, सात पेट्यांत,
चाळीस सेंटिमीटर कमी.
पगार थांबला तरी रोज येऊन उघडतो.
फळ्या वाळवीने खाल्ल्यात. आकडे पुसट झालेत.
दगडाला काही होत नाही,
त्याला गंजायचं होतं तेवढं तो कधीच गंजून झालाय.
कुलूप मात्र
दर पावसाळ्यानंतर नवं आणावं लागतं.