पासंग

"पंच क्रमांक दोन,
बाळासो ईश्वरा एडके, वय बावन्न, धंदा तोलाई."
हे मी लिहीत नाही. आधीच लिहिलेलं असतं.
तासगावच्या सौद्याच्या हॉलमध्ये, काट्याशी बसल्या जागी,
हवालदार कागद पुढं करतो, मी सही करतो.
विसापूरच्या विहिरीवर मी समक्ष होतो,
मणेराजुरीच्या गोठ्यात समक्ष होतो,
एकदा तर एकाच वेळी दोन गावांत समक्ष होतो
आणि तेव्हा खरं म्हणजे
घरी भाकरी मोडत होतो.

उन्हाळ्यात कोल्ड स्टोरेजमधनं
एकवीस बॉक्स बेदाणा गेला.
फौजदार म्हणाले, वरनं दाब आहे,
ह्या वेळी खरंच चला.
कुणी चोरला हे कुणी विचारलं नाही.
जीप आपणहून वळली,
बैल गोठ्याकडं वळतो तशी,
माळावरच्या पारध्यांच्या पालांकडं.

बॅटऱ्या. कुत्री. उजाडायला अवकाश.
रेशमी काळे पालाच्या तोंडाशी उभी,
कडेवर लेकरू.
म्हणाली, झडती घ्या की.
पर आदी तुमची द्या.

हवालदाराच्या तोंडातनं शिवी अर्धी बाहेर आलेली,
तिनं ती तशीच लोंबकळू दिली.
माझ्या बाच्या चुलीत सोन्याचा मणी घावला हुता.
कुणी घातला, त्या चुलीलाच म्हाईत.
चार वर्सं आत गेला त्यो.
तवाधरनं आमी इचारून ठेवलंय,
आत येनाऱ्याचा खिसा आदी पालथा.

फौजदार नवे होते,
शिकलेलं अजून विसरले नव्हते.
शिट्टी निघाली, रुमाल, गुटख्याच्या पुड्या.
मग माझी पाळी.
तंबाखू, चुना, घराची किल्ली
आणि अस्तराला चिकटलेले
सात बेदाणे.

दिवसभर बेदाण्यातच हात असतो माझा,
सगळ्यांना ठाऊक.
तरी बॅटरी त्या सात दाण्यांवर थांबली.
सुरपतच्या खिशात असते
तर लाखेचं सील लागलं असतं त्यांना.
बापाची तागडी आठवली. बाप म्हणायचा,
माल मागनं घाल, आधी रिकामी पारडी बघ,
पासंग तिथंच असतो.
फौजदार हळूच म्हणाले, एडके, खाऊन टाका.
मी खाल्ले.
रेशमी बघत होती. मोजत असावी.

पालात दोन पातेली, एक चाळण,
अंगणवाडीचा डबा.
तरी तिच्या नवऱ्याला, सुरपतला, जीपमध्ये घातला.
का, ते त्याला सांगितलं नाही,
लिहून देणं तर लांबच.
तिनं मलाच विचारलं, किती वाजलं?
पाच दहा.
तिनं पदराला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात उभा केला.
कागदावर अटक आदल्या रात्री नऊची,
म्हणजे चौदा तास,
चोवीसच्या आत, शाई ताजी.
रेशमीनं पुढं होऊन गाठ सोडली.
गाठीत काहीच नव्हतं.
म्हणाली, ह्यात काल पहाटचं पाच दहा हाय,
त्या तोलाईवाल्याला इचारा.

मी मागं उभा होतो, सहीसाठी बोलावलेला.
शेजारी हवालदार पुटपुटत होता,
माझ्या पोराच्या टेम्पोचा नंबर,
सगळाच्या सगळा, पाठ.
मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा काढला.
दाढेत एक साल अडकलेली होती कालपासनं.
मी म्हणालो, पाच दहा. काल.

सुरपत सुटला. बेदाणा अजून सापडला नाही.
टेम्पोला महिन्यात तीनदा दंड झाला,
एकदा उभा असताना.
हॉलमधलं कामही गेलं,
आता बाहेर गाडा लावतो, किरकोळ विकतो.

परवा रेशमी आली, पावशेर मागितला.
नोटा आधी समोर ठेवल्या,
मग काट्याकडं बोट केलं,
मोकळी पिशवी ठेव आदी.

ठेवली.
चार ग्रॅम भरली.