बर्फाच्या पाण्यात बारा

सातव्या दिवशीही बुडबुडा नाही.
एअरलॉकमधलं पाणी
वाटीत विसरलेल्या सारासारखं निवांत,
आणि कंट्रोलरवर लाल आकड्यांत वीस.
सकाळी वीस, रात्री कामावरून आले तरी वीस.
इतका शहाणा आकडा मी जन्मात पाहिला नव्हता.

बाहेर मरोळचा ऑक्टोबर.
गावठाणातली मांजरं
नळाच्या गळक्या जोडाखाली येऊन झोपतात.
अडीच हजारांचा जुना फ्रिज,
कप्पे काढून आत बसवलेलं पिंप,
माल्ट, हॉप्स, उन्हात वाळवलेली संत्र्याची सालं.
हॅरिएटच्या लग्नाला एकोणीस दिवस.

मी सगळं बदलून पाहिलं.
सेटिंग वर नेलं, खाली आणलं.
कॉम्प्रेसरला तीन मिनिटांची उसंत होती, ती पाच केली.
रिले टिक म्हणायचा, फ्रिज घुं म्हणायचा,
जो तो आपापलं काम चोख करत होता.
शेवटी यीस्टला शिव्या घातल्या.

पपा दारात उभे होते.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं,
सहारपासून सीप्झपर्यंत जमिनीखालच्या वायरी
त्यांना नावानिशी ठाऊक.
आणि नऊ वर्षं झाली, थेंब नाही.
टोस्टलासुद्धा कोकम.
पिंप आलं त्या दिवसापासून
मागच्या खोलीत त्यांनी पाय टाकला नव्हता,
बोललेही काही नव्हते.

‘बर्फ आहे?’

स्टीलच्या पेल्यात बर्फ चुरला, बुडेल इतकंच पाणी.
ढवळलं. थांबले. प्रोब सोडला आत.
‘आता शून्य यायला हवं.’
अठरा, पंधरा, तेरा,
बाराला येऊन आकडा मांडी घालून बसला.
पेल्याला बाहेरून घाम फुटलेला
आणि हा म्हणतोय बारा.

मी पिंपाला हात लावला.
विहिरीच्या तळासारखं गार.
आठवडाभर मी आकडा वाचत होते,
हात लावला नव्हता.

पपांनी डोळे मिटले
आणि प्रोबची वायर बोटांमधून सरकवत नेली,
रोझरीचे मणी ओढावेत तशी.
दाराच्या रबराखाली,
जिथे लांबी पुरेना म्हणून मी जोड दिला होता,
तिथे थांबले.
टेप सोलली. तांब्यावर हिरवं.

‘ओल,’ म्हणाले.
‘तार तुटली तर बरं असतं. फोन बंद पडतो,
लोक तक्रार करतात, आपण जातो.
ओल शिरली की फोन चालूच राहतो.
फक्त त्यात दुसऱ्याचंच बोलणं येतं.’
एवढं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

हिरवं खरवडलं, डाग दिला,
मेणबत्तीवर स्लीव्ह आवळून घेतली.
पुन्हा पेला, पुन्हा बर्फ.
शून्य पूर्णांक तीन.
‘ते तीन तुझ्या बर्फाचे,’ म्हणाले.
प्रोब हवेत लोंबत होता,
तो पिंपाच्या अंगाला चिकटवला, वर फोमचा तुकडा.
‘ताप बघताना थर्मामीटर खोलीत धरतेस का?’

दार उघडं ठेवून पिंप कोमट होऊ दिलं.
‘मेलं नसेल. झोपलंय.’
त्यांनी पिंप दोन्ही हातांनी हलकेच डोलवलं,
आणि एअरलॉकमधून वास आला,
ब्रेडचा, सालींचा, आणि त्याखाली तो दुसरा.
ते डोलवायचे थांबले.
मी काय बोलणार होते?
बेसिनपाशी जाऊन त्यांनी हात धुतले.
साबणाने. परत एकदा साबणाने.

सकाळी उठले तेव्हा
फ्रिजसमोर स्वयंपाकघरातलं स्टूल,
स्टुलावर कोऱ्या चहाचा रिकामा पेला,
आणि भिंतीवरच्या पॅरिशच्या कॅलेंडरवर
शिसपेन्सिलीने, लॉगबुकातल्या त्या तिरक्या अक्षरात:

४.४० पहिला
४.५२ दुसरा
४.५९
५.०३, ५.०६
५.२० हात लावून पाहिला, ठीक
५.३१ मोजणं सोडलं