एकोणतिसावा

दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला
रोसारिओतल्या आमच्या गल्लीत
दुपारपासून बटाटे उकडल्याचा वास येतो.
रेमोच्या खानावळीचे दार अर्धे उघडे,
आत त्याची सून ग्रासिएला, कोपरापर्यंत पिठात,
काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने
एकेक न्योकी घसरवते –
शिंपल्यासारखी खाच पडते,
रस्सा धरून ठेवण्यापुरती.

रेमोचा आजोबा जेनोव्हाहून बोटीने आला
तेव्हा म्हणे महिनाअखेरीस घराघरांत एवढेच उरायचे:
बटाटा, मूठभर पीठ आणि पगाराची वाट.
ताटाखाली नोट ठेवायची,
म्हणजे पुढचा महिना बरा जातो.

पुढचा महिना काही बरा जात नाही.
नोट मात्र आम्ही ठेवतो.

आम्ही म्हणजे मी आणि आन्सेल्मो.
सोळा वर्षं नवरा-बायको होतो, आता अकरा वर्षं नाही.
वाटणी रीतसर झाली. शिलाई मशीन मला, रेडिओ त्याला,
कुत्रा आधी त्याला, मग त्याच्या दम्यामुळे मला,
पारानाकाठची खोपटी दोघांची मिळून पुराला.
खिडकीजवळचे हे टेबल
वकिलाच्या यादीत कुणी घातलेच नाही.

म्हणून तो येतो, साडेआठला.
बंदरावर क्रेन चालवायचा; निवृत्त झाला तरी
कॉलरमध्ये गव्हाचा भुसा असल्यासारखी मान खाजवत.
मी कापडदुकानातून तशीच,
गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून.
मध्ये चिनीमातीचा पेंग्विन, पोटात लाल वाइन.
चोचीचा टवका उडालेला,
त्यामुळे ओतताना एक धार ग्लासात
आणि एक कागदी टेबलक्लॉथवर.
त्या डागांकडे बघत आम्ही बोलतो.
गुडघे. घरभाडे. त्याच्या बहिणीचा जावई.
तो अजून आधी चीज घालतो आणि मग चव बघतो.
मी अजून बोलायला तोंड उघडते
आणि एक न्योकी आत टाकते.

ताटाखालच्या आमच्या दोन पेसोच्या नोटा
केव्हाच चलनातून गेल्या.
रेमो त्या गल्ल्यामागच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतो,
ताटांबरोबर आणून देतो, उठताना मोजून परत घेतो.
"नशीब उधारीवर," म्हणतो. "व्याज नको."

फेब्रुवारीत यंदा एकोणतीस नव्हती.
त्या आठवड्यात मी घरीच न्योकी करून पाहिले.
पाण्यात पडताच विरघळले, पेज झाली.
कुत्र्याने खाल्ली, तीही उपकार केल्यासारखी.

मार्चमध्ये तो उशिरा आला. बसता बसता म्हणाला,
"गेल्या महिन्यात आली नाहीस."
तारीखच नव्हती, मी म्हटले.
"होती की. अठ्ठाविसाच्या पुढचा दिवस.
कॅलेंडरवाले त्याला एक मार्च म्हणतात,
ते त्यांचे त्यांनी बघावे.
तू सेंटीमीटरचा हिशोब ठेवणारी बाई,
तुला एवढे कळू नये?"

न्योकी नव्हते त्या दिवशी, मसुराची आमटी होती.
ती खाल्ली म्हणे. एक नोट आपल्या ताटाखाली,
एक समोरच्या.
समोर ताट मांडायला लावलेस?
"रेमोने आपणहून मांडले."
आणि पेंग्विन?
"अर्धा."

ग्रासिएलाने ताटे आणली. वाफेने माझा चष्मा धुरकटला,
तो पुसायला घेतला तेव्हा कुठे
गळ्यातली पट्टी हाताला लागली.
काढून टेबलावर ठेवली.
त्याने उचलली, उलगडली,
एक टोक माझ्या बाजूच्या कडेला धरायला दिले,
दुसरे स्वतः धरले.
"बहात्तर," म्हणाला.
सत्तर, मी म्हटले. तू पट्टी ढिली धरतोस.
"मग ओढ."
न्योकी गार होत होते.