इतिवृत्त, विषय क्रमांक सात

बैठक साडेदहाची, सुरू झाली अकरा वीसला.
हे मी लिहिलं.
पंखा तिसऱ्या खटक्यावर करकरत होता,
समोशाच्या तेलानं विषयपत्रिकेचा कोपरा
पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला होता,
हे लिहायचं नसतं.

विषय सात : म्हापशाच्या खालच्या अंगाची खाजन जमीन
हिरव्यातून पिवळ्यात घेणे.
विषय आठ : त्याच जमिनीच्या बांधावरून
सायकलमार्ग, लांबी सातशे चाळीस मीटर,
खर्च विकसकाचा.
सात नाही तर आठ नाही,
आमोणकर इंजिनियर म्हणाले
आणि नकाशा उलगडला
चार कोपऱ्यांवर चार नगरसेवकांचे मोबाइल ठेवून.

नकाशात पाणी नव्हतं.
भरतीला कुठला रंग द्यायचा, ओहोटीला कुठला,
तसा नियम अजून झालेला नाही.

"तिथं पिकतं तरी काय?" कुणीतरी विचारलं.
"गवत," दुसरं कुणीतरी.
मागच्या बाकावर सगुण हळर्णकर उभा राहिला,
मानशीचा राखणदार.
उजव्या पायाला पँटची क्लिप अजून तशीच,
सायकलवरून उतरून थेट वर आलेला.
"कोरगूट," म्हणाला.
एवढंच. भाताचं नाव.
अध्यक्ष म्हणाले, बसा.
बोलायचं तर अर्ज तीन दिवस आधी लागतो.
तो बसला. त्याच्या कमरेला
मानशीच्या खोपटीची किल्ली होती,
बसताना बाकावर वाजली.

मग हात.

एदुविजिसबाय सहा वर्षं हा मार्ग मागत होत्या.
आवक रजिस्टरात त्यांची पत्रं कुठल्या पानावर आहेत
मला न उघडता सांगता येतं.
पहिल्या पत्रात शाळेच्या फाट्यावरची ती मुलगी होती,
रेवती, इयत्ता सातवी,
खडीचा ट्रक, सकाळी सात पन्नास.
पुढच्या पत्रांत मुलगी कमी होत गेली
मीटर वाढत गेले.
तसं केल्याशिवाय फाइल पुढं जात नाही,
हे त्यांना मीच एकदा सांगितलं होतं.

"विषय सातच्या बाजूनं?"
दहा हात वर. पाच-सहा घड्याळं चमकली.
नऊ जण टेबलाकडे बघत.
एदुविजिसबायंचा हात उठला
आणि कोपरात थांबला,
जसं कुणी ओळखीचं वाटून हात करावा
आणि जवळ आल्यावर दुसरंच माणूस निघावं.

वर नेला नाही. खाली घेतला नाही.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
मोजणारी मी.
कोपरातला हात धरायचा की सोडायचा
हे कायद्यात कुठं असेल तर
माझ्या वाचनात नाही.
मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं,
त्या खिडकीतून खाली बघत होत्या,
पोफळीला साखळीनं बांधलेल्या
स्वतःच्या निळ्या सायकलकडे.

मी अकरा लिहिले.
आपल्या आकड्यांतले दोन एक,
शेजारी शेजारी,
दोघांचीही मान वाकलेली.

विषय आठ एकमतानं.
टाळ्या झाल्या. त्यांनी नाही वाजवल्या.
सगुण कधी गेला कळलं नाही,
ओहोटीची वेळ झाली असणार.

संध्याकाळी मी बांधावरून आले, लांबचा रस्ता घेऊन.
लाल चिंधी बांधलेल्या खुंट्या आधीच होत्या,
ठराव व्हायच्या आधीच्या,
एकीला तर शेवाळ धरलेलं.
एका खुंटीवर खंड्या बसला होता.
मी घंटी वाजवली, तो हलला नाही.

इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होईल.
तोवर दुरुस्ती सुचवता येते, लेखी.
तीन दिवस मी वाट पाहिली.
चौथ्या दिवशी एदुविजिसबाय आल्या, टेबलाशी थांबल्या.
"किती लिहिलंस, बाय?"
मी सांगितलं.
"बरं," म्हणाल्या.
मग जिन्याखालचा पंप मागितला.

खाली पोफळीजवळ
पुढच्या चाकात हवा भरत होत्या.
मी दुसरी फाइल उघडली,
तिची नाडी सोडली, परत बांधली.
एका चाकाला
इतकी हवा लागत नाही.