एक दात

ट्रेगॅरनच्या शेडमध्ये ही तिसरी रात्र.
क्वाड बाइक ठोकळ्यांवर, चाकं भिंतीला टेकून.
पिस्टन नवा, रिंगा नव्या, गॅस्केट नवं
आणि स्टार्टर दाबला की
एक खोकला, मग मुकाट.

एमलिन म्हणतो, पेट्रोल. मी म्हणते, ठिणगी.
प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला:
निळी, ठसठशीत. म्हणजे ती नाही.
कार्ब्युरेटर दोनदा धुतला.
मेंढ्या वर डोंगरावर, आज-उद्या वितील;
त्याच्या गुडघ्याला आता तो चढ झेपत नाही
हे तो बोलत नाही, फक्त घड्याळ बघतो.

पहाटे मीच झाकण परत उघडलं.
फ्लायव्हीलची खूण बरोबर रेषेवर,
कॅमचा ठिपका मात्र जरासा कलंडलेला.
साखळी एक दात पुढे.
मीच बसवली होती रविवारी,
त्याला माझ्या भावाचं काहीतरी सांगत.

सांगून टाकलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
दहा नंबरचा पाना पुढे केला,
थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

साडेसहाला इंजिनाने धरलं.
धूर आधी निळा, मग विरळ.
मेंढ्या वाट बघत होत्या,
तरी थोडा वेळ
कुणीच शेडचं दार उघडलं नाही.