दोन रुपयांची मालकीण

वडगावात, आमच्या गल्लीत, पहिला टीव्ही गेम
तिघांत मिळून आला:
मी, भरमा हलगेकर आणि ईरण्णा.
अकराशे रुपये.
तीनशे सहासष्ट प्रत्येकी, म्हणजे हजार अठ्ठ्याण्णव.
वरचे दोन कुणी घालायचे
यावर खडेबाजारात दुकानाच्या पायरीवर
अर्धा तास गेला.
शटर ओढतो की रे पोरांनो, दुकानदार म्हणाला.
ईरण्णाची बहीण महादेवी सुताचा हिशेब देऊन परतत होती.
तिनं रुमालाची गाठ सोडली.

खोक्यावर नऊशे नव्याण्णव खेळ.
निघाले सात.
बाकीचे तेच, फक्त माणसाचा शर्ट निराळा.
माहितीचा कागद चिनी.
पाटीवर अक्षर कुठलं असावं यावरून
ज्या गल्लीत काचा फुटल्या होत्या,
तिथं हा एकच कागद असा
की कुणालाच वाचता येईना,
म्हणून भांडण नाही.
भरमाच्या आबांनी तो उलटसुलट पाहिला,
घडी घालून मागाच्या लंगड्या पायाखाली सारला.

शेजारी माग सुरू झाला की
पडद्यावरचा माणूस थरथरायचा,
उडी मारण्याआधीच भ्यायल्यासारखा.
अडॅप्टर असा तापायचा
की भरमाच्या आईनं त्यावर पापड ठेवून बघितला.
वाकला. भाजला नाही.
कॅसेट अडली की फुंकायची,
आणि फुंकताना ईरण्णा डोळे मिटायचा, का कोण जाणे.

सोम-मंगळ माझ्याकडे, बुध-गुरू भरमाकडे,
शुक्र-शनि ईरण्णाकडे.
रविवारी महादेवी दारात उभी:
माझेबी दोन रुपये हायत.

भरमानं वहीत मांडलं.
अकराशेला अख्खा आठवडा, झोपेसकट,
तर दोनाला किती?
अठरा मिनिटं, वर काही सेकंद.
सेकंद ठेवून घ्या तुम्हाला, ती म्हणाली
आणि रिमोट मांडीवर घेतला.

दिवसभर कांड्या भरणारी बोटं ती.
तुटलेलं सूत न बघता जोडणारी.
ज्या पुलावरून आम्ही महिनाभर पडत होतो
तो तिसऱ्या मिनिटाला मागं गेला.
नवव्या मिनिटाला
आम्ही कधीच न पाहिलेली जागा आली:
निळं पाणी, त्यात पांढरे मासे,
आणि एक वेगळंच संगीत, जे त्या पेटीत
आमच्या पैशानं आलं होतं
आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.
भरमा म्हणाला, हळू जा की गं, बघू तरी दे.

चौदाव्या मिनिटाला केईबीनं लाइट काढली.

सगळे माग एकदम थांबले.
अशी शांतता की कोपऱ्यावरच्या नळाचं ठिबकणं ऐकू यावं.
अंधारात ती म्हणाली,
चार राहिली माझी.
पुढच्या रविवारी बावीस धरायची का, यावर
आम्ही तिघं मालक रात्रीपर्यंत भांडलो
आणि नाही असं ठरवलं.
वैशाखात ती गोकाकला गेली, लग्न होऊन.
ते पाणी आम्हाला पुन्हा सापडलं नाही.
पावसाळ्यात पेटी जळाली. वास मात्र चांगला आठवडाभर होता.

परवा ईरण्णाच्या पोरानं नवं यंत्र आणलं,
पांढरं, उभं,
देव्हाऱ्याशेजारी ठेवावं असं.
चार तास नुसतं अपडेट होत होतं.
त्यातलं गवत वाऱ्यानं हलतं,
माणसाच्या गळ्यावर घाम दिसतो.
महादेवी माहेरी आली होती,
चष्मा, गुडघ्याला पट्टा.
अत्ती, खेळतेस का? पोरानं विचारलं.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.
चारच मिनिटं, म्हणाली.

पहिल्याच मिनिटाला मेली.
इतकी बटणं, अंगठा सापडेना.
पोरगं म्हणालं, पुन्हा सुरू करून देतो.
नको, ती म्हणाली, हितंच राहू दे.
उरलेली तीन मिनिटं
तिनं त्या माणसाला नुसतं चालवलं, गवतातून,
कुठं पाणी लागतंय का बघत.