निवळी

साकीनाक्याच्या गाळ्यात सातनंतर
मुलामा थांबतो, माझं काम सुरू होतं.
निळ्या पिंपात दिवसभराचं धुवण,
तांबं, तेजाब, हजारभर बकलांचा मळ.

टेमकरशेठ म्हणायचे, मागे गटार आहे की.
होतं. एकदा तिथं एक घूस
हिरव्या मिशांनी मेलेली दिसली.
तेव्हापासून चुना.

मूठमूठ सोडायचा, काठीनं ढवळायचं,
कागद बुडवत राहायचं. लाल, पिवळा, हिरवा,
निळसर झाला की हात आवरायचा.
मग तुरटी.
आई रांजणात निवळीची बी फिरवायची
तोच हात, फक्त रबरी मोजा घातलेला.

सकाळी वर पाणी, खाली गाळ.
पाणी फडक्यातून काढते, पुन्हा कागद लावते, सोडते.
गाळ कुठेच जात नाही.
पोटमाळ्याखाली अकरा गोण्या.
अर्ध्या गाडीला गाडीवाला येत नाही,
पुऱ्या गाडीचं भाडं म्हणजे माझे दोन पगार.

काल शेजारच्या गाळ्यातून फरजाना डोकावली,
"तुझ्या किती?"
अकरा.
"माझ्या एकोणीस."

शटरवर खडूनं बेरीज मांडली.
नऊ आणि एक दहा,
शून्य खाली, हातचा एक.
तो घेऊन आम्ही दोघी
पलीकडच्या गाळ्याचं दार वाजवलं.